ता.क. मधलं ‘साकु’

पत्र : ताई, माझे वडील ६३ वर्षांचे आहेत. तासगावला बेदाण्याची अडत आहे. चार महिन्यांपूर्वी पहाटे त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली होती. पाय बराच सुधारलाय, काठी घेऊन चालतात. हात अजून लुळा आहे. बोलणं मात्र गेलं. काहीही विचारा, “बरं का” एवढंच म्हणतात. भूक लागली तरी “बरं का”, चिडले तरी “बरं का, बरं का”. पण आरतीला उभे राहिले की शब्दन्‌शब्द म्हणतात, आणि फिजिओवाल्याने हात ओढला की अस्सल शिवी हासडतात. म्हणून दादाला वाटतं ते नाटक करतात. परवा म्हणाला, नाटक नसेल तर डोकंच गेलं असेल. डॉक्टर म्हणाले होते, तीन महिन्यांत यायचं ते येईल. ते तीन महिने उलटून गेले. माझा मुलगा पहिलीत आहे. त्याची अंकलिपी घेऊन आम्ही रोज संध्याकाळी त्यांना शिकवायला बसतो, तर ते पुस्तक भिरकावतात. मावशीने वेखंड आणि मध जिभेला चोळायला सांगितलंय. दादाने गाळा आणि बँकेचे व्यवहार आपल्या नावावर करून घ्यायचे कागद तयार केलेत, आता बाबांचा डाव्या हाताचा अंगठा घ्यायचाय. बाबांना समजतं का? आणि पहिला शब्द कुठला शिकवावा?
— एक मुलगी, तासगाव तालुका
ता.क. काल जेवताना आई तिसरी भाकरी वाढायला गेली तर म्हणाले, “साकु”. आमची आजी जतकडची होती. ती होती तोवर घरात कानडी होतं, आता कुणी बोलत नाही. दादा म्हणाला, बरळतायत.

उत्तर :

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तुम्ही शेवटी ता.क. म्हणून टाकलीत. मी तिथूनच सुरुवात करते.

कानडीत साकु म्हणजे पुरे. दोन भाकऱ्या पोटात गेल्या होत्या, तिसरी ताटाकडे येत होती, ती नको होती आणि ते ‘पुरे’ म्हणाले. वेळेवर म्हणाले, नेमकं म्हणाले आणि वाढणाऱ्या माणसालाच म्हणाले. दादाने त्याला बरळणं म्हटलं. मी त्याला चार महिन्यांतला त्यांचा पहिला स्वतःहून निवडलेला शब्द म्हणेन. तो आला ती भाषा तुमच्या घरात आता कुणी कान देऊन ऐकत नाही, इतकंच.

पण लगेच उलट्या टोकालाही जाऊ नका. ‘साकु’ म्हणाले म्हणजे त्यांना आपलं सगळं बोलणं कळतं असं सिद्ध होत नाही. भाकरी डोळ्यांना दिसत होती. प्रसंग कळणं वेगळं आणि नुसत्या शब्दांवरून कळणं वेगळं. घरोघरी इथेच गफलत होते, आणि ती दोन्ही बाजूंनी होते. अर्धं घर म्हणतं “त्यांना सगळं कळतं”, अर्धं म्हणतं “काहीच कळत नाही”. नीट तपासून पाहिलेलं मात्र कुणीच नसतं. तुमच्या पत्रात फिजिओथेरपिस्ट आहे, डॉक्टर आहेत, मावशी आहे, अंकलिपी आहे. वाचा-भाषा तज्ज्ञाचा, म्हणजे स्पीच थेरपिस्टचा, कुठे उल्लेख नाही. चार महिन्यांत कुणी पाठवलंच नसावं. याचं मला नवल वाटत नाही, राग येतो.

झटका मेंदूच्या डाव्या बाजूला आला, म्हणून शरीराची उजवी बाजू गेली. बहुतेक माणसांची भाषा याच डाव्या बाजूला सांभाळली जाते. तिथला रक्तपुरवठा तुटला की भाषा जायबंदी होते. त्याला आम्ही वाचाघात म्हणतो, दवाखान्याच्या कागदावर ‘अफेजिया’ लिहिलेलं असतं. अर्धांगाचा झटका आलेल्या साधारण तिघांतल्या एकाला तो होतो, म्हणजे काही दुर्मीळ प्रकार नाही. बाबांच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर गोदामात माल आहे, पण गोदामापासून गाळ्यापर्यंतचा रस्ता खचलाय. बोलणं हा जाण्याचा रस्ता झाला. ऐकून समजणं हा येण्याचा रस्ता, आणि बहुतेकांचा तोही थोडाफार उखडलेला असतो. वाचणं आणि लिहिणं याच रस्त्याच्या गल्ल्या आहेत. कुठली गल्ली किती उखडलीय हे माणसागणिक वेगळं, आणि तपासणी करायची ती याच्यासाठी.

आता “बरं का” कडे येऊ. १८६१ साली पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोका या शल्यविशारदापुढे एक माणूस आला. लबोर्न्य त्याचं आडनाव, पण सगळं रुग्णालय त्याला ‘तान’ म्हणायचं, कारण त्याच्या तोंडून तेवढाच एक शब्द यायचा. काहीही विचारा, तान, तान. संतापला की मात्र तोही शिवी देई, आणि तीही शुद्ध! ब्रोकाने त्याला विचारलं, इथे किती वर्षं आहात? त्याने डावा पंजा चार वेळा उघडला आणि मग एक बोट दाखवलं. एकवीस. आणि ते बरोबर होतं. थोड्याच दिवसांत तो वारला. मेंदू उघडून पाहिल्यावर डाव्या बाजूच्या पुढच्या भागात बिघाड सापडला, आणि भाषेला मेंदूत जागा असते ही गोष्ट वैद्यकाने त्यानंतर गांभीर्याने घेतली. तुमच्या दादाला हा किस्सा जरूर सांगा. एकाच शब्दावर अडकणं, शिवी मात्र सहज सुटणं, हे चित्र आमच्या धंद्यात दीडशे वर्षांहून जुनं आहे. त्यात नाटकाचा संबंध नाही.

मग आरती कशी येते? आपण जे बोलतो ते सगळं एकाच कारखान्यात तयार होत नाही. ‘उद्या शंकररावांचा माल सोडवून घे’ हे वाक्य त्या क्षणी नवं जुळवावं लागतं. आरती, पाढे, वार, शिव्या, ‘अरे देवा’ हे जुळवावं लागत नाही. हजारदा घोकून ते अख्खंच्या अख्खं बसलेलं असतं आणि सूर, ताल, राग यांच्या लाटेवर बाहेर पडतं. त्यात मेंदूच्या उजव्या बाजूचाही हात असतो, आणि ती शाबूत आहे. लहानपणी ज्यांनी परवचा म्हटला असेल त्यांना हे चटकन कळेल. ‘सत्तावीस त्रिक’ एकदम विचारलं तर अडखळतो, पण सत्तावीसच्या पाढ्याला पहिल्यापासून धरलं की तिथवर घरंगळत पोचतो. म्हणून आरती येते म्हणजे बोलता येत असूनही बोलत नाहीत, हा निष्कर्ष चुकीचा. आणि आरती म्हणून घेत राहिलो तर त्यातून आपोआप बोलणं फुटेल हाही चुकीचा. गाण्याच्या चालीवर छोटी वाक्यं बसवून घ्यायची एक पद्धत आहे. डाव्या हाताने ताल धरत म्हणायचं असतं, काहींना तिचा उपयोग होतो. पण ती थेरपिस्टने माणूस पाहून ठरवायची गोष्ट आहे. तोवर आरती त्यांच्या आनंदासाठी म्हणू द्या, परीक्षेसाठी नको.

पहिल्या भेटीत थेरपिस्ट काय पाहील ते सांगते, म्हणजे तुम्हाला तिथे बसून कळेल की चाललंय काय. आधी कान, चष्मा, दात. हसू नका, कवळी घरी ठेवून आणलेल्या माणसाचे उच्चार तपासले गेलेले मी पाहिलेत. मग गप्पा आणि एखाद्या चित्राचं वर्णन. वस्तूंची नावं. पाठोपाठ म्हणणं: आधी शब्द, मग वाक्य. ‘पेन उचला’, ‘पेन उचला आणि वहीवर ठेवा’ असे चढत जाणारे हुकूम. वाचणं, नाव लिहिणं, आकडे. याच्या प्रमाणित चाचण्या आहेत, त्यातली ‘वेस्टर्न अफेजिया बॅटरी’ ही आपल्याकडे बऱ्याच भारतीय भाषांत रुळवून वापरतात. तिच्यातून अफेजियाचा प्रकार आणि तीव्रता यांचा अंदाज येतो.

याच बैठकीत दोन शेजारी ओळखून वेगळे काढायचे असतात. जीभ, ओठ, टाळा यांचे स्नायू लुळे पडले की बोलणं बोबडं, घोगरं होतं, पण शब्द आणि वाक्यं जागेवर असतात. तो डिसार्थ्रिया. दुसऱ्या शेजाऱ्यात स्नायू ठीक असतात, शब्दही माहीत असतो, पण तोंडाच्या हालचालींची जुळवाजुळव चुकते. माणूस ‘क’ म्हणायला जातो नि ‘त’ निघतो, मग स्वतःच वैतागून पुन्हा चाचपडतो. ती अॅप्रॅक्सिया, आणि ती अफेजियाबरोबर बऱ्याचदा मुक्कामाला असते. तिघांचे उपचार वेगळे. बाबांचं नेमकं काय हे मी पत्रावरून सांगणार नाही. एकाच बोलावर अडकलेल्या माणसाचा अफेजिया बहुधा तीव्र असतो, एवढं मात्र लपवत नाही.

आणखी एक. डाव्या मेंदूच्या झटक्यात कधी दोन्ही डोळ्यांना उजवीकडचा भाग दिसेनासा होतो. माणूस ओळ वाचतो पण तिची शेपटी सोडतो, ताटातली उजवीकडची भाजी तशीच राहते. घरचे म्हणतात, लक्ष नाही. तुम्ही भाजी डावीकडे वाढून पाहा आणि काय होतं ते थेरपिस्टला सांगा.

तपासणीची तारीख मिळेपर्यंत घरी एक गोष्ट करता येईल, हो आणि नाही तपासणं. कपबशी हातात घेऊन “चहा घेणार का” विचारू नका. कपबशीच उत्तर देते. हात मांडीवर ठेवा, डोळ्यांनी खुणावू नका आणि जोडीने प्रश्न विचारा. “आपण तासगावला आहोत का?” आणि मग काही वेळाने “आपण पुण्याला आहोत का?” “आईचं नाव अमुक का?” आणि नंतर “आईचं नाव तमुक का?” असे दहा, पाचांचं उत्तर हो, पाचांचं नाही. आंधळेपणाने उत्तरं दिली तरी पाच बरोबर येतात, म्हणून सहा-सातांवर खूश व्हायचं नाही. नऊ-दहा बरोबर आले, तेही दोन वेगळ्या दिवशी, तर हो-नाही भरवशाचं म्हणायचं. तोंडाने “बरं का” म्हणतील. ते सोडा, मान बघा. मानही उलटसुलट हलत असेल, आणि आपली मान एरवीसुद्धा हो की नाही ते धड सांगत नाही, तर कागदावर मोठं ✓ आणि ✗ काढून डाव्या हाताचं बोट ठेवायला सांगा. माझ्याकडे एक शिंपी यायचे, तोंडाने कायम “हो” आणि मानेने बरोबर उत्तर. घरच्यांनी तीन महिने तोंडावर विश्वास ठेवून त्यांना नको असलेली साबुदाण्याची खिचडी घातली होती.

हेच प्रश्न तुम्ही मराठीत विचारा आणि दुसऱ्या दिवशी कुणा कानडी येणाऱ्याला विचारायला सांगा. एकापेक्षा जास्त भाषा बोलणाऱ्या माणसाच्या सगळ्या भाषा सारख्याच जखमी होतील आणि सारख्याच परत येतील असं नसतं. एकोणिसाव्या शतकात यावर फ्रेंचांमध्ये दोन मतं पडली. रिबो म्हणाला, आधी शिकलेली भाषा टिकते. पित्र म्हणाला, जी जास्त वापरात होती ती परत येते. प्रत्यक्ष रुग्ण दोघांनाही खरे-खोटे ठरवत असतात. बाबांची पहिली भाषा कानडी असणार. शाळेत मराठी, बाजारात मराठी, परगावच्या व्यापाऱ्यांशी हिंदी. थेरपिस्टला हे सगळं पहिल्याच भेटीत सांगा: कुठली भाषा कितव्या वर्षी, कुणाशी, हिशेब मनात कुठल्या भाषेत करायचे. नाहीतर मराठीपुरती तपासणी होईल, कानडीत उरलेलं हिशेबात येणार नाही, आणि अहवालावर जे नसतं ते उपचारातही नसतं.

अंकलिपीबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. ती बंद करा, आजच. ज्या माणसाने चाळीस वर्षं माल नुसता तळहातावर घेऊन त्याचा भाव सांगितला, त्याच्यापुढे नातवाचं ‘क कमळाचा’ धरलं तर त्याने ते भिरकावणं हे मला प्रकृतीचं लक्षण वाटतं. भाषा जखमी झाली म्हणून माणूस सहा वर्षांचा होत नाही. मूल पहिल्यांदा भाषा घेतं तेव्हा पाटी कोरी असते. इथे पाटी भरलेली आहे, वाचायला अडचण आहे. “हे काय? ते काय? बोला ना!” हा खेळ तर पूर्णच थांबवा. उत्तर तुम्हाला माहीत असताना विचारलेला प्रश्न हा प्रश्न नसतो, आणि ते त्यांनाही कळतं.

अंकलिपीच्या जागी बेदाणा आणा. मी मस्करी करत नाही. चार प्रतींचे नमुने चार ताटल्यांत, पांढऱ्या कागदावर ठळक आकड्यांत चार भाव, आणि त्यांनी भाव ताटलीपुढे ठेवायचा. यात शब्द कमी आणि डोकं जास्त लागतं. दादालाच समोर बसवा. डोकं गेलंय का याचं उत्तर त्याला माझ्या लेखापेक्षा त्या चार ताटल्यांतून लवकर मिळेल. आकडा बोटांनी दाखवता येतो का तेही पाहा. बाजारात पूर्वी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचे. जुन्या माणसांच्या बोटांत ती भाषा असते, आणि लबोर्न्यचा पंजा आठवा. सगळ्यांना ते जमतंच असं नाही. अफेजियात कधी खुणाही अडखळतात. नाही जमलं तर सोडून द्या, तेही टिपून ठेवा.

बोलण्याची रीत तुम्ही सगळ्यांनी बदलायची आहे, एकट्या बाबांनी नाही. टीव्ही बंद. एका वेळी एकच माणूस, समोर बसून. वाक्य छोटं, पण आवाज मोठा नको, ते बहिरे नाहीत. बोलता बोलता मुख्य शब्द जाड पेनने कागदावर लिहायचा: “गाळ्यावर” आणि खाली “घरी”, मग विचारायचं, कुठे जाऊया? ते बोट ठेवतील. मग गप्प बसायचं. मनात दहा आकडे मोजा. पाहिलंत तर लक्षात येईल, आपण तिसऱ्या आकड्यालाच तोंड उघडतो. ते काही सांगू पाहतायत आणि कळत नाही, तर कळल्याचं सोंग करू नका. “हे माणसाबद्दल आहे? पैशाबद्दल? तब्येतीबद्दल?” असं मोठ्या वर्तुळातून लहान वर्तुळात या. शेवटी “म्हणजे तुम्हाला अमक्याचं देणं आठवलं, बरोबर?” असं परत म्हणून पक्कं करा. टोरांटोच्या एका संस्थेत कुटुंबीयांना आणि स्वयंसेवकांना या रीतीचं रीतसर प्रशिक्षण देतात. तिथे शिकवतात ते एक वाक्य, थोडक्यात, असं : तुम्हाला ठाऊक आहे हे मला ठाऊक आहे. हे अधूनमधून बाबांना खरंच म्हणा. “बाबा, तुम्हाला माहितीये, शब्द येत नाही एवढंच.” खांदे खाली येतात माणसाचे. मी पाहिलंय.

आणि “बरं का”ला दुरुस्त करत बसू नका. त्याचा सूर ऐका. प्रश्नाचं बरं का, रागाचं बरं का, चेष्टेचं बरं का, हे तुमच्या आईला आत्ताच वेगळे ओळखू येत असतील, विचारा त्यांना.

घरच्या फोटोंची एक वही करा, शंभर पानी, हाताशी राहील अशी. माणसं, गाळा, बँक, देऊळ, औषधं, शरीराचं चित्र (कुठे दुखतंय), कॅलेंडर, तालुक्याचा नकाशा, शून्य ते नऊ. मोबाइलवर फोटो दाखवूनही हेच होतं, आणि तुमच्या भावाला ते वहीपेक्षा आवडेल. “वहीची सवय लागली तर बोलणार नाहीत” अशी भीती सगळ्यांना वाटते. काठीमुळे ते चालायचे थांबले का? खिशात एक चिठ्ठी असू द्या: मला अर्धांगामुळे बोलता येत नाही, सावकाश बोला, मुलीचा नंबर अमुक.

तीन महिन्यांचं आता. सुरुवातीच्या आठवड्यांत-महिन्यांत सुधारणा वेगाने होते हे खरं आहे, आणि डॉक्टर तेवढंच म्हणाले असतील. पण त्यानंतर दार बंद होतं हे खरं नाही. २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात जर्मनीतल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. झटका येऊन सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ लोटलेले १५६ जण, किमान तीन आठवडे, आठवड्याला दहा तास किंवा अधिक थेरपी. रोजच्या व्यवहारातलं त्यांचं बोलणं सुधारलं. थेरपीसाठी तोवर थांबवून ठेवलेल्या गटाचं त्या काळात सुधारलं नाही. यातले दहा तास नीट वाचा. आपल्याकडे आठवड्यातून एकदा अर्धा तास थेरपी होते आणि दोन महिन्यांनी घरचे म्हणतात, फरक नाही. बियाणं चिमूटभर पेरून पीक कमी आलं म्हणण्यासारखं आहे ते. आठवड्याला दहा तासांची सोय तासगावात होणार नाही. पण थेरपिस्टने आखून दिलेला सराव घरी रोज दोनदा अर्धा तास, आठवड्यातून दोन-तीन बैठका, त्यातली एखादी व्हिडिओ कॉलवर, हे जमण्यासारखं आहे. ध्येय मात्र आधी ठरवा आणि ते बाबांना ठरवू द्या. ‘बोलायला लागले पाहिजेत’ हे ध्येय नव्हे. सौद्याच्या वेळी गाळ्यावर बसणं, फोनवर नातवाचं नाव घेणं, न्हाव्याला दाढी की केस ते सांगणं, ही ध्येयं. ते लिलावात पूर्वीसारखी ललकारी देतील असं वचन मी देणार नाही. कुणी देत असेल तर त्याच्याकडे जाऊ नका.

वेखंड-मधाचं थोडक्यात. दुखणं जिभेत नाही, मेंदूत आहे. जीभ चोळून ते पोचत नाही. वर, झटक्यानंतर गिळायला त्रास होत असेल तर तोंडात असं काही घालणं धोक्याचं. पाणी पिताना ठसका लागतो का, जेवल्यावर आवाज ओला, घरघरता येतो का? तसं असेल तर ते आधी सांगा, बोलण्याच्याही आधी. तेही थेरपिस्टच पाहतात. मावशींना दुखवू नका, त्यांना वहीसाठी जुने फोटो शोधायला लावा.

अंगठा. याबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंत, पण मला वाटतं पत्र त्यासाठीच लिहिलंत. दादाला खलनायक करायचं कारण नाही. गाळा चालला पाहिजे, हमालांची मजुरी, शेतकऱ्यांची पट्टी थांबत नाही. पण ज्या माणसाचं हो आणि नाही अजून कुणी तपासलेलं नाही, त्याचा अंगठा घेतला तर उद्या तो कागद दादाच्याच गळ्यात येईल. वाचाघात म्हणजे वेड नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये वाचा आणि भाषा दिव्यांगत्वाच्या व्याख्येत अफेजियाचं नाव घेऊन उल्लेख आहे, आणि मालमत्ता बाळगण्याचा, आपले आर्थिक व्यवहार आपण सांभाळण्याचा इतरांसारखाच हक्क त्याच कायद्याने दिव्यांग व्यक्तीला दिला आहे. तेव्हा क्रम असा ठेवा : आधी तपासणी, समज किती आहे याचा लेखी अहवाल, मग वकील. व्यवहार चित्रं आणि आकडे काढून, मराठीत आणि कानडीतही समजावायचा, प्रश्न उलटसुलट करून दोन वेगळ्या दिवशी विचारायचे, आणि तेव्हाही त्यांनी ✗ वर बोट ठेवलं तर ते नाही समजायचं. आजच्या गरजेपुरती बँकेत काय सोय होते ते वकिलांना विचारा. मालकी बदलायची घाई नको.

याच कायद्याखाली पुढे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढता येतं. पण वाचा-भाषेच्या बाबतीत कायद्याची व्याख्या कायमच्या दिव्यांगत्वाची आहे. चौथ्या महिन्यात त्याच्यामागे धावण्यापेक्षा ती शक्ती थेरपीत घाला.

रडतात का, झोप कशी आहे, जेवण कमी झालं का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. झटक्यानंतर नैराश्य पुष्कळांना येतं. ज्याला बोलता येत नाही त्याचं ते कुणाच्या लक्षात येत नाही, कारण डॉक्टर “कसं वाटतंय” हे शब्दांतच विचारतात. तुम्ही पाहिलेलं तुम्ही सांगा. त्यावर औषध आहे. कधी मात्र कारण नसताना भडभडून रडू किंवा हसू येतं आणि क्षणात थांबतं, ते निराळं असतं. तेही सांगा. आणि रक्तदाबाची गोळी चुकवू नका. पुन्हा तोंड वाकडं, हातातलं बळ गेलं असं झालं तर साडेचार तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर, मेंदूचा स्कॅन होणाऱ्या रुग्णालयात पोचायचं. सकाळपर्यंत थांबायचं नाही.

कुठे जायचं? मिरज-सांगलीत मोठी रुग्णालयं आहेत. कान-नाक-घसा किंवा मेंदूविकार विभागात स्पीच थेरपिस्टची चौकशी करा. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का ते विचारायला लाजू नका, नोंदणी असलेला माणूस आनंदाने नंबर सांगतो. पुण्यात भारती विद्यापीठाचं वाचा-श्रवण महाविद्यालय आहे, मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था. आणि तुमच्या बाबतीत मी म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्थेचाही विचार करेन. लांब आहे खरं, पण कानडीची तपासणी तिथल्याइतकी घरची दुसरीकडे होणार नाही. एकदा जाऊन सविस्तर तपासणी आणि आराखडा आणायचा, मग पुढचं इथे.

राहिला पहिला शब्द. तो तुम्ही शिकवायचा नाही, त्यांनी निवडलाय. उद्या जेवताना भाकरी घेऊन थांबा आणि त्यांच्याकडे बघा. “साकु” आलं तर भाकरी मागे घ्या, लगेच, हसून, कौतुकाच्या टाळ्या न वाजवता. शब्दाने काम झालं हेच त्याचं बक्षीस. दोन-चार दिवस ते बसलं की त्याच्या जोडीचे दोघे आणा, बेकु म्हणजे पाहिजे आणि बेड म्हणजे नको. तीन शब्दांत पंगत चालते. आईंना हे येत असणार, सासूबाईंच्या हाताखाली इतकी वर्षं काढलीत त्यांनी. वाढायचं काम त्यांच्याकडेच राहू द्या, आणि त्यांनी कानडीत विचारलं तर दादाने मधे बोलायचं नाही, एवढं त्याला सांगून ठेवा.